तोंडी परीक्षेत आत्याची भेट

वायर मला ओळखते! मी शाम, दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर आहे. माझी चाहूल लागली की बिघडलेलं यंत्र शाळकरी पोरासारखं सरळ होतं. म्हणून वर्षाची, म्हणजे माझ्या बायकोची, बी.ए.ची ऑनलाइन तोंडी परीक्षा ठरली तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं, "तू फक्त बोलजो. बाकी सारं माह्याकडं!"

लग्नात तिचं कॉलेज सुटलं होतं. विद्यापीठ तेव्हा कुठंतरी एसटीच्याही पलीकडं होतं. मग ते ऑनलाइन झालं. वाढत वाढत राळेगावला गेलं, झरी जामणीच्या जंगलात शिरलं, आणि एके दिवशी आमच्या तांड्यावर येऊन चुलीपुढं बसलं. भाकर तव्यावर, मॅडम मोबाइलवर! भाकर करपली की आम्ही समजायचो, आज धडा अवघड होता.

असं शिकत शिकत ती शेवटच्या परीक्षेपाशी आली. ही हुकली तर पुन्हा सालभर थांबा. नियम एकच, पण कडक. खोलीत दुसरा माणूस दिसला की परीक्षा रद्द!

मी शेळ्या रानात धाडल्या. कोंबड्या टोपल्याखाली झाकल्या. माझे वडील बाबूसिंग, म्हणजे आमचे बापू, त्यांना दाराबाहेर खाटेवर पहाऱ्याला बसवलं. राहता राहिला लॅपटॉप. तो जुना, बॅटरी मेलेली, आणि भिंतीतला प्लग सैल.

"फिटरच्या घरी सैल प्लग!" वर्षा म्हणाली.

"मंग फिटर कायले हाय?" म्हणत मी टेबलाखाली शिरलो आणि प्लग हातानं दाबून बसलो. नियमात माणूस 'दिसला' तर रद्द होतं. टेबलाखालचा कुठं दिसतो?

परीक्षा सुरू झाली. स्क्रीनवर उर्वशी मॅडम, शिवाय आपल्या पाळीची वाट पाहत राळेगावचा अतुल आणि झरी जामणीची दीपा. वर्षाचा विषय होता आठवडी बाजारातल्या बाया. पहिलं उत्तर तिनं असं दिलं की टेबलाखाली माझी मान ताठ झाली आणि टेबलाला आपटली.

एवढ्यात दार धाडकन उघडलं. हंसाबाई आत्या! बापूंची सख्खी बहीण, पुसदकडून पहिल्या एसटीनं आलेली.

"बापू!" मी दबक्या आवाजात ओरडलो.

"बहिणीले दारात कसा थांबवू?" बाहेरून उत्तर आलं.

आता आमची बंजाऱ्यांची रीत सांगायला हवी. फार दिवसांनी बाईला बाई भेटली की 'कशी आहेस' असं कोरडं विचारत नाहीत. गळ्यात गळा घालून सुरात रडतात. तेच गाणं, तीच ख्यालीखुशाली. समोरचीनंही रडायचं असतं. ती कोरडी राहिली तर तिच्या मनात अढी आहे, असं धरतात.

आत्यानं वर्षाला कवटाळलं आणि आमच्या गोरबोलीत सूर लावला. त्याचा अर्थ असा:

"आंबा मोहरला गं बाई, आंबा झडला,
तुझ्या तोंडाचा चांद नाही मला घडला!"

वर्षा आधीच परीक्षेच्या धास्तीनं काठोकाठ भरलेली घागर. तीही सांडली! आत्यानं पुढचं कडवं धरलं:

"दार दिसलं गं बाई, अंगण दिसलं,
माझ्या शामचं पाऊल कुठं नाही दिसलं!"

मॅडमना सगळ्यातून एकच शब्द कळला. "शाम कोण?"

"तिचे मिस्टर, मॅडम!" दीपानं तोंडावर हात मारला. "अगं माय! परवाच तं चांगले व्हते!"

"लई दिलदार माणूस व्हता," अतुल हळहळला. हा अतुल मला जन्मात भेटलेला नाही!

"वर्षा, परीक्षा आपण पुढं ढकलू," मॅडमचा आवाज भरून आला. "सगळ्यांनी दोन मिनिटं शांत उभं राहू या."

सारे उभे राहिले. मी बसलेला!

माझं डोकं जिनिंगच्या पट्ट्यासारखं गरगरलं. मेलो तर परीक्षा पुढं जाते, जिवंत निघालो तर रद्द होते! बायकोच्या पदवीसाठी माणूस काय करत नाही? मी मेलेलंच राहायचं ठरवलं.

पण वर्षानं डोळे पुसले. "थांबा, मॅडम. माहे मालक जित्ते हायेत. टेबलाखाली प्लग धरून बसले. रद्द करा पाहिजे तं. पन जित्त्या मानसाले मेला म्हनून मले पास नाई व्हायचं!"

मी डोकं बाहेर काढलं. "नमस्कार, मॅडम!"

दीपा किंचाळली.

"मग हे रडणं कसलं?" मॅडमनी विचारलं.

"आनंदाचं, मॅडम. आत्या भेटल्या न!"

मॅडम हळूच म्हणाल्या, "ऑनलाइन झाल्यापासून माझ्या वर्गात साठाचे हजार झाले गं. भेटलं मात्र कोणीच नाही."

आत्यानं मान वळवली. "हे कोन?"

"माह्या मॅडम. तीन वर्सांपासून शिकवून राह्यल्या."

"आन् अजून भेटली नाई?"

"नाई."

"अगं बाईऽऽ!" आत्यानं लॅपटॉप उचलून छातीशी धरला आणि सूर लावला. स्क्रीनभर तिच्या कांचळीचे, म्हणजे बंजारा चोळीचे, आरसे चमकले असतील! वायर ताणली, प्लग माझ्या हातातून निसटला आणि सगळं काळंठिक्कर.

वर्षा म्हणाली, "गेली परीक्षा."

मी प्लगकडं पाहिलं. प्लगनं मला ओळख दाखवली नाही.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. मॅडम! "प्लग धरून बसलेला माणूस मी प्लगमध्येच धरते, आणि आत्या तर मलाच भेटायला आल्या. चल, उरलेले प्रश्न फोनवर घेते."

वर्षा लिंबाखाली फेऱ्या मारत बोलत राहिली. मी तिच्या पावलांवरून मार्क मोजत होतो. शेवटी ती थांबली, वळली आणि हसली. पास!

"मॅडम आत्याले फोनवर मांगून राह्यल्या," ती म्हणाली. "भेट मधातच तुटली म्हनतात."

आत्या फोन गालाशी धरून खाटेवर बसली. इकडून तिचा सूर, पलीकडून मॅडमचा. कच्चा, ताल चुकलेला, पण ओला.

मी बाजूला उभा. आत्या मला अजून भेटलीच नव्हती! शेवटी म्हटलं, "आत्या, आन् मी?"

तिनं फोनवर हात ठेवला.

"थांब न रे! तू तं घरचाच हाय. हे बिचारी किती दुरून आली!"