दुपारी एक ते चार

एक्कावन्नाव्या वर्षी हिंजवडीच्या कंपनीला रामराम ठोकून दिगंबर नगरकर बिबवेवाडीतल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी सुतारकाम करू लागला. बायको कल्याणी शाळेत शिकवायला गेली, की जेवायचं, गॅलरीत सतरंजी अंथरायची आणि लाकडाशी झटायचं. अंगठा दोनदा ठेचला, तरी नोकरीच्या पंचवीस वर्षांत झाला नव्हता इतका तो सुखी होता.

पहिली वस्तू म्हणजे चिमण्यांसाठी घर. गोल भोक पाडताना ड्रिलचं पातं तुटलं, म्हणून त्याने करवतीने आडवी फट कापली. चिमणी अंग चोरून जाईल, असा अंदाज. पॉलिशच्या वासाने कल्याणीचं डोकं दुखू लागलं, तेव्हा वाळेपर्यंत त्याने ते खाली पार्किंगमध्ये, सूचनाफलकाशेजारच्या खिळ्याला अडकवलं.

तिसऱ्या दिवशी आणायला गेला, तर आत कागद. लोकांनी ती सोसायटीची तक्रारपेटी समजली होती! छपराची फळी उचलून त्याने चिठ्ठ्या तिथेच वाचल्या.

"तिसऱ्या मजल्यावर बहुधा जहाज बांधत आहेत. पाण्यात कधी सोडणार, ते कळवावे."

"दुपारी एक ते चार माणसे झोपतात. ज्यांना नोकरी नाही, त्यांनीही झोपून पाहावे."

"कॉलवर क्लायंट विचारतो, मी साइटवर आहे का. प्लीज काहीतरी करा."

पाचच्या पाच त्याच्यावरच होत्या.

तेवढ्यात सेक्रेटरी रविराज मोहिते आला. "वा, नगरकर! पेटी तुम्ही केलीत? राहू द्या इथेच. आणि रिकामेच आहात, तर तक्रारीही तुम्हीच बघा. रविवारी सभेत वाचून दाखवा."

"अहो, पण हे चिमण्यांचं..."

"चिमण्यांच्याही घेऊ की तक्रारी!"

संध्याकाळी कल्याणीने चिठ्ठ्या वाचल्या. "नोकरी सोडलीत, तरी अप्रेझल काही सुटलं नाही तुम्हाला."

तो हसला नाही. हत्यारं पोत्यात बांधून त्याने माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवसापासून दुपारी तो लोळून पाहू लागला. झोप येईना. पंख्याकडे बघत पडल्यावर ऑफिसच आठवायचं.

रविवारी सभेत त्याने स्वतःविरुद्धच्या तक्रारी खणखणीत वाचल्या. जहाजावर हशा पिकला. दुसऱ्या मजल्यावरचे लिमये सगळ्यांत जास्त वेळ हसले, त्यामुळे लेखकही कळला. पेटीत नंतर पडलेली एक चिठ्ठी उरली होती, थरथरत्या अक्षरातली. तीही त्याने त्याच आवाजात सुरू केली.

"तिसऱ्या मजल्यावरची ठोकाठोकी तीन दिवस बंद आहे. माणूस बरा आहे ना? आमचे हे गेल्यापासून दुपार सरता सरत नाही. त्या आवाजाने घरात कोणीतरी वावरतंय, असं वाटायचं. कुसुम परांजपे, तळमजला."

शेवटी शेवटी त्याचा आवाज खाली आला. या वेळी कोणी हसलं नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीतून कुसुमताईच म्हणाल्या, "अहो नगरकर, माझं मागचं अंगण रस्त्याच्या बाजूला आहे. तिथे बसून ठोका. कोणाची झोप मोडायची नाही. माझी मोडेल म्हणाल, तर ती दोन वर्षांत लागलीच नाही. गोळ्या खाऊनसुद्धा."

सभेने एकमताने मान्यता दिली. लिमयांनी उठून अनुमोदन दिलं.

सोमवारी बरोबर एक वाजता दिगंबर पोतं घेऊन खाली उतरला. कुसुमताई आरामखुर्चीत तयारच बसल्या होत्या.

"काय करताय आज?"

"पाट."

"करा. मी बघते."

त्याने फळी नीट जुळवून तीन खिळे ठोकले. चौथा ओठांत धरून, पाटाची उंची एवढी पुरे का ते विचारायला त्याने मान वर केली. कुसुमताईंची मान कलली होती. तोंड किंचित उघडं होतं आणि बारीक घोरणं चालू झालं होतं.

दिगंबरने हातोडी अलगद मांडीवर ठेवली. पायाला मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली, खिळ्याची लोखंडी चव तोंडभर पसरली. पण चार वाजेपर्यंत तो जागचा हलला नाही.