मधुकररावांची तबकडी

आमच्या इमारतीतील मधुकररावांना कोणी "कसे आहात?" असे विचारले, तर उत्तर येईपर्यंत विचारणारा जिना उतरून गेलेला असतो. पातूरकडच्या मळ्यातली भाजी अकोल्याच्या बाजारात विकणाऱ्या घरातला हा माणूस. ते दुकानावर बसत तेव्हा कोथिंबिरीचा भाव सांगेपर्यंत गिऱ्हाईक शेजारून जुडी घेऊन निघत असे. हटकले की म्हणत, "जाऊन येऊ द्या ना, सायेब!"

हे वाक्य त्यांच्या छंदाचे. रीतसर परवाना काढून ते गच्चीवरच्या जाळीच्या तबकडीतून भर उन्हात शुक्राकडे रेडिओ-संदेश सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी टिपण्यासाठी कान लावून बसतात. शुक्र अगदी जवळ असला, तरी संदेशाला जाऊन परत यायला चार-पाच मिनिटे लागतात. ही तबकडी शेजाऱ्यांच्या दृष्टीने अवाढव्य आणि शुक्राच्या दृष्टीने क्षुल्लक आहे, हे ते स्वतःच सांगतात. आजवर परत काहीही आलेले नाही. उन्हाळ्यात बायका तीत कुरडया वाळवतात.

अखेर गृहनिर्माण संस्थेच्या समितीने तबकडी उतरवण्याचा ठराव केला. कारण काय, तर "लहरींमुळे अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेल्या सौ. शकुंतलाबाईंच्या प्रकृतीस धोका". शकुंतलाबाई म्हणजे मधुकररावांच्या पत्नी. मी दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार म्हणून हयात घालवली आहे. जिच्या नावाने कारवाई, तिचाच जबाब नाही? मी समितीस लागोपाठ तीन खरमरीत पत्रे धाडली.

"तिले काय समजते आता?" अध्यक्ष म्हणाले.

मी कागद-पेन घेऊन स्वतःच शकुंतलाबाईंकडे गेलो.

"वहिनी, या तबकडीचा आपणास त्रास होतो काय?"

वहिनी छताकडे पाहत राहिल्या. मी पुन्हा विचारले. अखेर 'उत्तर नाही' असे लिहू लागलो, तोच मधुकररावांनी माझा हात धरला.

"जाऊन येऊ द्या ना, सायेब."

बसलो. पंखा करकरत होता. समोरच्या चहावर साय धरली. आणि वहिनींचे ओठ हलले.

"रा... हू... द्या."

मी शब्दशः नोंद केली. संतापाने अक्षर वाकडे येत होते. या बाईला काही समजत नाही, असे ठरवणाऱ्यांपैकी एकही जण तिच्यापुढे इतका वेळ बसला नव्हता.

"शुक्रावरून काई नाई आलं अजून," मधुकरराव कप उचलत म्हणाले. "इथून येते."

मग सायीकडे पाहत हळूच म्हणाले, "मांगच्या साली चहा गरम असतानाच येत होतं."