शिक्क्याचं कार्ड

डॉ. बद्रीनाथ शेजूळ रक्तपेढीत एकटेच टाळ्या वाजवताना दिसले, तेव्हा नर्स द्वारकाबाईंना वाटलं, झालं, साहेबांचं डोकं गेलं. ते कधीतरी जाणार, याची बाईंना खात्री होतीच. बरोबरीचे डॉक्टर उस्मानपुऱ्यासारख्या पैसेवाल्या वस्तीत दवाखाने थाटून बसले, आणि हा भला माणूस बावीस वर्षं लोकांच्या रक्तात डोकावत बसला होता. दुर्मीळ रक्तगटाच्या माणसांसाठी त्यांनी एक नोंदवही केली होती. चांगली जाडजूड, कापडी बांधणीची. आत एकही नाव नव्हतं.

त्या दिवशी पहिलं नाव सापडलं. चितेगावच्या शिबिरात केळं आणि बिस्किटं मिळतात म्हणून रक्त द्यायला आलेला सोनाजी, शेळ्या राखणारा धनगर, बॉम्बे रक्तगटाचा निघाला. हा गट वरवर ‘ओ’सारखा दिसतो, पण अशा माणसाला ‘ओ’ रक्तही चालत नाही, त्याच्याच गटाचं लागतं. आणि तसा माणूस दहा हजारांत एखादा. सोनाजीनं जन्मात मुंबई पाहिली नव्हती, पण ते राहू द्या.

डॉक्टर दुपारीच गाडी काढून चितेगावला गेले. त्यांनी सोनाजीचा हात दोन्ही हातांत धरला, दहा हजारांत तुम्ही एक, असं सांगितलं आणि फॉर्म भरून घेतला. सख्खे भाऊ-बहीण किती, असं विचारलं तेव्हा सोनाजीनं थोडा वेळ लिंबाच्या शेंड्याकडं पाहिलं आणि कुणीच नाही म्हणून सांगितलं. मग डॉक्टरांनी ती चूक केली. त्यांनी एक कार्ड लिहून दिलं: ‘श्री. सोनाजी यांचे रक्त अत्यंत दुर्मीळ आहे. त्यांची काळजी घ्यावी.’ वर प्लास्टिकचं कव्हर. शिक्का त्यांनी हौसेनं दोनदा मारला.

आता मराठवाड्यात दोन शिक्के असलेला कागद म्हणजे काय चीज आहे, हे बावीस वर्षं नळ्यांत डोकं घालून बसलेल्या माणसाला कुठून कळणार? दहा हजारांत एक हा हिशेब चावडीपर्यंत पोचला तेव्हा लाखात एक झाला होता. लग्नाच्या पंगतीत सोनाजीला पहिलं पान मिळू लागलं. त्याच्या घरी खारे शेंगदाणे, खजूर, गूळ येऊ लागला. आणि सोनाजीनं कामं सोडली. बाभळीचा पाला तोडायचा तर काटा लागतो, म्हणून शेळ्या बंद. वस्तरा लागतो, म्हणून दाढी बंद. बाजेवर पडून राहायचं, आणि बायकोनं, म्हणजे बानाबाईनं, उशाशी बसून पदरानं डास हाकायचे.

“येक डास रगत पिऊन गेला तं सरकारचं नुसकान हाय,” सोनाजी तिला समजावून सांगायचा.

शेळ्या तर उपाशी ठेवता येत नव्हत्या. शेवटी बानाबाईनं बिडकीनहून पुतळाबाईला बोलावून घेतलं. ती आली, काठी उचलली आणि शेळ्यांमागं गेली. ती कोण, हे डॉक्टरांना माहीत असायचं काही कारण नव्हतं.

शिबिरातली सोनाजीच्या रक्ताची पिशवी मुदत संपून टाकून द्यावी लागली होती. डॉक्टर त्या दिवशी जेवले नव्हते. आणि चार महिन्यांनी शहरातल्या मनकर्णाबाई, निवृत्त शिक्षिका, पोटात मोठी गाठ घेऊन दवाखान्यात दाखल झाल्या. रक्तगट बॉम्बे. सर्जननं स्पष्ट सांगितलं, पिशवी हाताशी आल्याशिवाय सुरी लावणार नाही. गाठ तर वाढत होती. मनकर्णाबाई रोज सकाळी विचारायच्या, “डॉक्टर, गृहपाठ झाला का?” डॉक्टर म्हणायचे, उद्या नक्की.

सोनाजीला निरोप गेला. एसटीच्या हादऱ्यानं रक्त घुसळून निघंल, असं त्यानं उलट कळवलं. गाडी पाठवली. गाडीतून छातीपर्यंत दाढी आणि मांडीपर्यंत पोट असा एक गृहस्थ उतरला. मागून पाणी घेऊन बानाबाई आणि त्याची वळकटी घेऊन पुतळाबाई उतरल्या. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला. वरचा एकशे नव्वद. दुसऱ्या हातावर मोजला, एकशे पंच्याण्णव. या माणसाकडून थेंबभरही रक्त घेता येणार नव्हतं.

डॉक्टरांनी त्याच्या दंडावरचा पट्टा सोडला. अख्ख्या नोंदवहीत एक नाव, आणि तेही खारे शेंगदाणे खाऊन वाया गेलेलं. मनकर्णाबाईंना काय सांगायचं, या विचारानं त्यांचे डोळे भरून आले.

“साहेब, कामून रडायलात?” पुतळाबाईनं विचारलं. डॉक्टरांनी सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि बाही वर सारली. “मंग माजं बगा की. आमी येकाच आईचे हाव.”

असा गट सख्ख्या भावंडांत आधी शोधावा, हे डॉक्टर दरवर्षी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून शिकवत. ते सावकाश सोनाजीकडं वळले.

“तुम्ही तर बहीण नाही म्हणाला होतात.”

“साहेब,” सोनाजी दाढी खाजवत म्हणाला, “दोन झाले असते तं मी लाखात येक कसा राह्यलो असतो?”

तपासणी झाली. पुतळाबाई बॉम्बेच. रक्तदाब झकास, हिमोग्लोबिन तेरा. चार महिने शेळ्यांमागं उन्हातान्हात चालली होती बाई. पिशवी भरली, शुक्रवारी गाठ निघाली, आणि शुद्धीवर आल्यावर मनकर्णाबाईंनी डॉक्टरांना दहापैकी नऊ गुण दिले. एक उशिराबद्दल कापला.

पुतळाबाईला कार्ड मिळालं. सोनाजीला चिठ्ठी मिळाली: रोज चार तास शेळ्यांमागं चालणे. ते निघणार, तेवढ्यात बानाबाईनं बोट पुढं केलं. “माजं पण तपासा.” डॉक्टरांनी तपासलं. ‘ओ पॉझिटिव्ह’. कुठंही सापडेल असं. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि चार महिने डास हाकून काळवंडलेला तिचा चेहरा पाहिला. मग त्यांनी कोरं कार्ड घेतलं आणि लिहिलं: ‘सौ. बानाबाई यांचे रक्त अत्यंत उपयोगाचे आहे. त्यांची काळजी घ्यावी.’ शिक्का तीनदा मारला.

दोन महिन्यांनी डॉक्टर चितेगावला गेले. लिंबाखाली बाजेवर दोघी बसल्या होत्या, गळ्यात कार्डं. सोनाजी शेळ्या घेऊन आला, दाढी केलेला, सडपातळ. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला. एकशे वीस, ऐंशी. अगदी पुस्तकातला.

“झालं का वो बरं?” सोनाजीनं आशेनं विचारलं.

डॉक्टरांनी बाजेकडं पाहिलं. बाजेवरून दोघी त्यांच्याकडं पाहत होत्या.

“चालणं सोडू नका,” डॉक्टर यंत्र गुंडाळत म्हणाले. “जन्मभर.”

आणि वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनं त्यात काही खोटंही नव्हतं.