झिपरोजींचा भोंगा आणि नवी आवृत्ती

एका जंगलात, बाळांनो, नदीला पूर आला की भोंगा वाजे. भोंगा वाजवायचा संगणक. संगणक चाले लिनक्स नावाच्या प्रणालीवर, आणि लिनक्स चाले झिपरोजी अस्वलाच्या भरवशावर.

एके सकाळी लिनक्सची नवी आवृत्ती आली. मधाचं पोळं दिसलं की आधी हात घालायचा, हा झिपरोजींचा स्वभाव. दुपारपर्यंत त्यांनी ती चढवलीसुद्धा. संध्याकाळी भोंगा सुरू झाला तो थांबेचना. पाऊस नाही, पूर नाही, आणि सगळं जंगल पिल्लं पाठीवर टाकून टेकडीवर!

"पुन्हा हात लावलास तर कातडं सोलीन," सिंहमहाराज गरजले.

झिपरोजींनी मुकाट्याने जुनी आवृत्ती परत घातली. पलीकडच्या काठाचा भोंगा तरंगाबाई पाणमांजर सांभाळत. झिपरोजी त्यांच्याकडे गेले.

"बाई, या आवृत्त्या काढतातच कशाला? रोज थोडं थोडं बदलावं की!"

"रोज बदललं तर कशानं बिघडलं ते कळेल का? म्हणून सगळं एकत्र तपासतात आणि क्रमांक देतात. मग ठरल्या मुदतीपर्यंत त्यातली, चोरांना आत शिरता येईल अशी भोकं तेवढी बुजवतात. नवी आली की जरा मुरू द्यावी, दुसऱ्या यंत्रावर चालवून बघावी. पण जुनीची मुदत संपायच्या आत बदलावी, झिपरोजी."

"छे, छे! मला माझं कातडं प्यारं आहे."

मुदत संपली. संगणक रोज तसं बजावू लागला. झिपरोजींनी त्या सूचनेवर पळसाचं पान चिकटवलं.

"याला म्हणतात स्थैर्य!" महाराज खूश झाले.

मग कोल्ह्यांना एक न बुजवलेलं भोक सापडलं. त्यांनी आत शिरून भोंगा वाजवला. जंगल टेकडीवर पळालं. खाली कोल्ह्यांनी रानकोंबड्यांची सगळी अंडी निवांत फस्त केली.

दरबार भरला. रानकोंबड्या ऊर बडवत होत्या. झिपरोजी उभे राहिले.

"महाराज, घाई केली तेव्हाही फसलो, थांबलो तेव्हाही फसलो."

महाराज विचारात पडले. "म्हणजे दोन्हींचा अनुभव असलेला तू एकटाच! आवृत्ती समितीचा अध्यक्ष तूच. बरं, पलीकडच्या काठावर काय झालं?"

"काहीच नाही, महाराज. बाईंनी वेळेत बदललं होतं."

"तिथं कधीच काही होत नाही? मग बाई हवी कशाला?"

तरंगाबाईंची जागा त्याच दिवशी रद्द झाली.

तात्पर्य : बाळांनो, आवृत्ती एक तर आल्या आल्या चढवावी, नाहीतर जन्मात बदलू नये. वेळेवर बदललीत तर काहीही बिघडणार नाही. आणि मग तुम्हाला विचारतो कोण?