भिंतीतलं ऐतिहासिक भोक

गुरुवारी सकाळी अँब्रोज टकवेल चहाचा कप हातात घेऊनच चर्चच्या आवाराच्या भिंतीपाशी गेले आणि अर्धा चहा त्यांच्या बुटांवर सांडला. भिंतीतलं भोक नाहीसं झालं होतं.

भोक साधंसुधं नव्हतं. राजा आणि पार्लमेंटच्या यादवीत तोफेच्या गोळ्यानं ते पडलं, असं टकवेल एकोणीस वर्षं सांगत होते. नेदर फ्रॉगमूरच्या इतिहासावरच्या त्यांच्या चोवीस पानी पुस्तिकेतली अकरा पानं या भोकावर होती. आता रस्ता रुंद करायला ही भिंत पाडायचं घाटत होतं. ती वाचवायची की नाही हे ठरवायला वारसा खात्याच्या ओकशॉटबाई अकरा वाजता येणार होत्या, आणि भोक हाच काय तो टकवेलांचा पुरावा.

गवंडी लायनल गारबट थापी पुसत उभा होता.

"तुम्हीच सूचना लावली होती ना साहेब, बाई यायच्या आत भिंत नीटनेटकी करा म्हणून? मी म्हटलं, सगळ्यात वाईट तर हेच दिसतंय."

गाढवा, काय केलंस हे, असं टकवेलांच्या अगदी ओठावर आलं. पण शेजाऱ्याला तोंडावर असं बोलायची त्या गावात रीत नव्हती. काम छान झालंय, फक्त जरा नवं दिसतंय, एवढंच ते म्हणाले.

लायनलची कळी खुलली. चुना जुना दिसावा म्हणून तो घरून दही आणि काजळी घेऊन आला, त्यावर चोळली, आणि भोक कुठे होतं ते टकवेलांनाही सापडेना. एवढी तसदी घ्यायला नको होती, असं त्यांनी सुचवून पाहिलं. तसदी कसली, म्हणत लायनल शेजारच्या दोन भेगांकडे वळला. टकवेल घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते, तोंड दाबून बुक्क्यांचा मार नुसता.

त्यांची बायको हेस्टर शेजारच्याच आपल्या घराच्या कुंपणापलीकडून सगळं ऐकत होती.

"त्याला सरळ सांग ना, भोक परत हवंय म्हणून."

"असं कसं सांगू? त्याला वाईट वाटेल."

"मग पाडू दे भिंत."

शेवटी हेस्टरनंच लायनलला केक खायला घरात बोलावलं. टकवेलांनी त्याची छिन्नी उचलली, हातोडा उगारला, आणि मागून बाईंचा थंड आवाज आला. "ते खाली ठेवा."

ओकशॉटबाई दहा मिनिटं आधीच आल्या होत्या. टकवेल तोफेबद्दल सांगू लागले, पण बाई भिंतीवरून बोटं फिरवत होत्या. हे कुणी केलं, त्यांनी विचारलं. हनुवटीला जॅम लागलेला लायनल बाहेर आला. आजोबांची रीत, चुना आणि घोड्याचे केस, तो म्हणाला. बाई गुडघ्यावर बसल्या.

"अशा कामाबद्दल मी फक्त पुस्तकात वाचलं होतं," त्या म्हणाल्या.

भिंत वाचली. आदेशात एकच अट होती: या गिलाव्याचा कणही कुणी हलवायचा नाही.

रविवारी पाहुणे येतात. टकवेल राजा, पार्लमेंट, तोफ सगळं सांगतात. भोक कुठे आहे, असं कुणी विचारलंच तर ते आधी लायनल जवळपास आहे का बघतात. तो असतोच.

"आत आहे," टकवेल म्हणतात. "फार सुंदर बुजवलंय."