पृथ्वीगोलावरचे लाल मोजे

विश्वास बसणार नाही तुमचा! दातांची शपथ घेऊन सांगतो. चारच उरलेत, आणि त्यातला एक उपटून घ्यायला मी या दवाखान्यात बसलोय, तेव्हा खोटं कशाला बोलू? नव्या डॉक्टरीणबाई आत कुणाचा तरी जबडा खणताहेत, तोवर ऐका.

मी पाचवीचा वर्गशिक्षक. हेडमास्तरांची खुर्ची रिकामी होणार होती आणि दावेदार दोनच: मी आणि उपमुख्याध्यापक. त्यांना पोरं ‘इस्त्री’ म्हणत, कारण त्यांच्या कपाळालासुद्धा सुरकुती नव्हती! निवड करायला मोठे साहेब येणार होते. म्हटलं, असा तास घेऊन दाखवतो, की साहेबांनी खुर्ची स्वतः उचलून माझ्या घरी पोचवली पाहिजे!

पुस्तकावर गप्पा मारायला पाच पोरांचा गट केला. प्रत्येकाला एकेक काम. एकीनं प्रश्न विचारायचे, एकानं सारांश सांगायचा, एकीनं शब्द शोधायचे, एकानं चित्र काढायचं. पाचवी दुवा जोडणारी. म्हणजे गोष्टीतलं काही आपल्या आजूबाजूला दिसलं, की तिनं लगेच सांगायचं. ही पोरगी इस्त्रीचीच!

पुस्तक एका आळशी अस्वलाचं. मागच्या बाकावर साहेब, शेजारी इस्त्री. वाचन सुरू झालं. अस्वल गुहेत झोपायचं आणि कुणी विचारलं तर म्हणायचं, मी विचार करतोय.

दुवेवाली ताडकन उठली. “माझे बाबा अस्सेच! नकाशांच्या खोलीत आतून कडी लावून झोपतात. पाय पृथ्वीगोलावर!”

इस्त्रीच्या कपाळाचं पार चुरगळलेलं धोतर झालं!

मी घाईघाईनं म्हटलं, “बस, बस! सारांश सांग रे!”

“थोडक्यात, बाबा झोपतात.”

“अगं, तू शब्द सांग, शब्द!”

“घोरणे. खिडक्या हलेपर्यंत.”

तेवढ्यात चित्रकारानं कागद उंच धरला. पृथ्वीगोल, त्यावर दोन पाय, पायांत लालभडक मोजे. एक टाच थेट उत्तर ध्रुवावर!

राहिली प्रश्नवाली. ती सरळ मागच्या बाकाकडे वळली. “साहेब, अशा अस्वलाला हेडमास्तर करावं का?”

साहेब हसले. इतके हसले की बाक मोडला, त्या दणक्यानं भिंतीवरचं घड्याळ पडलं, आणि सुट्टीची घंटा झाली समजून अख्खी शाळा घरी गेली!

“म्हणजे हेडमास्तर तुम्हीच झालात!” शेजारच्या गाल सुजलेल्या काकू म्हणाल्या.

“साहेब हातापाया पडले हो माझ्या! पण मीच नको म्हटलं. एका भल्या माणसाची अशी शोभा झाल्यावर त्या खुर्चीत बसवेल का, काकू? म्हटलं, इस्त्रीलाच द्या. मी आपला शेवटपर्यंत पाचवीच शिकवली.”

काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. निम्मं दाढेमुळे असेल, पण निम्मं तरी माझंच!

इतक्यात आतलं दार उघडलं. डॉक्टरीणबाई हातात पक्कड घेऊन दारात उभ्या. किती वेळ ऐकत होत्या, देव जाणे! त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग सावकाश माझ्या पायांकडे.

“सर, तो दुवा मीच जोडला होता,” सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या. “आणि ‘माझे बाबा’ नव्हते म्हणाले मी. ‘आमचे सर’ म्हणाले होते! काकू, मोजे बघा यांचे!”