ताईंचं तिकीट

इंदुमतीबाईंनी मोरोक्कोला जायचं ठरवलं ते मोरोक्को पाहण्यासाठी कमी आणि दहा दिवस इंदूर ऐकू येऊ नये म्हणून जास्त. सांगलीच्या एका मराठीच्या मास्तरांची ही मुलगी अठ्ठावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन इंदुरात आली आणि आल्या दिवसापासून इथल्या मराठीवर नाक मुरडत राहिली. सासरच्या पूर्वजांनी होळकरांच्या दरबारात चाकरी केली होती, हे त्यांना लग्नाआधी फार भारदस्त वाटलं होतं. प्रत्यक्षात त्या घराण्याचा वारस, म्हणजे त्यांचे यजमान तुकोजीराव, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "तू चाय पिऊन राहिलीस का?" या प्रश्नाला इंदुमतीबाईंनी अजून उत्तर दिलेलं नव्हतं.

सहल फक्त बायकांची होती. मराकेश, फेज, निळ्या भिंतींचं ते डोंगरातलं गाव, वाळवंटात तंबूतला एक मुक्काम. एका खोलीत दोघी. इंदुमतीबाईंना ती दुसरी कोण हे ठरवायला क्षणही लागला नव्हता. सांगलीला त्यांची थोरली बहीण होती, शारदा. लहानपणी दोघी बहिणी वडलांच्या शाळेतला नकाशा जमिनीवर पसरून बसत आणि शारदा डोळे मिटून बोट ठेवी. एकदा ते मराकेशवर पडलं होतं. त्यानंतर लग्नं झाली, संसार झाले, आणि दोघी सलग दोन दिवसांच्या वर कधी एकत्र राहिल्या नाहीत. त्या दोन दिवसांतही कुणाची तरी मुंज नाहीतर कुणाचं तरी तेरावं असायचं. हे दहा दिवस इंदुमतीबाईंना हवे होते. अगदी मनापासून हवे होते.

मोबाइलवर बुकिंग करणं त्यांना कमीपणाचं वाटे. ते काम मुलीकडे आलं. पलक चोवीस वर्षांची, एका कंप्युटर कंपनीत नोकरीला होती आणि घरूनच, खोलीचं दार लावून, कानात काहीतरी घालून काम करायची.

"पलक, माझं आणि ताईचं तिकीट काढ," इंदुमतीबाईंनी दारातून सांगितलं. "तिच्याकडून पासपोर्टचा फोटो मागवून घे."

पलकने कानातलं एका बाजूचं काढलं. "ताईचं? पक्का?"

"त्यात पक्कं काय करायचं? मी आणखी कुणाबरोबर जाणार?"

"नाही, मतलब, मस्त आहे. आई, तू खूप चेंज झालीस यार."

या वाक्याचा अर्थ इंदुमतीबाईंनी विचारला नाही. मुलीच्या वाक्यांना अर्थ असतो, असं त्यांना सहसा वाटत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्हारगंजातून फोन आला. तिथे एका मिठाईच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, तुकोजीरावांच्या थोरल्या भावाची बायको द्वारकाबाई एकटीच राहायची. दीर जाऊन चार वर्षं झाली होती आणि मुलगा देवांश जर्मनीत होता. द्वारकाबाईंचा आवाज मोठा, हात सढळ आणि मराठी अशी, की ती ऐकून मास्तरांनी छडी काढली असती. इंदुमतीबाई त्यांना पहिल्यापासून 'जाऊबाई' म्हणत. त्या शब्दात जेवढा मान द्यावा लागतो तेवढा देऊन त्या तिथेच थांबत.

"इंदू, मोरक्कोत ठंड असते का ग?" द्वारकाबाईंनी विचारलं. "स्वेटर घेऊ की शॉल चालेल?"

"कशासाठी, जाऊबाई?"

"कशासाठी म्हणजे? मी काय अशीच येऊ?"

इंदुमतीबाईंनी फोन हळूच खाली ठेवला आणि पलकच्या खोलीचं दार न वाजवता उघडलं.

घोटाळा एका शब्दाचा होता. सांगलीत ताई म्हणजे थोरली बहीण. पण पलक ज्या कॉलनीत वाढली, तिथल्या सगळ्या पोरांना एक ताईजी होती, आणि ती वडलांच्या थोरल्या भावाची बायको असायची. पलकला 'मोठी काकू' म्हणायला शिकवण्यात इंदुमतीबाईंनी पाच वर्षं घातली होती, आणि पाचव्या वर्षी हात टेकले होते. द्वारकाबाईंना पलक ताईजीच म्हणे. तिच्या लेखी घरात दुसरी ताई नव्हतीच. सांगलीला होती ती मावशी.

"तूच तर बोललीस, ताई," पलक म्हणाली.

"ताई म्हणजे बहीण. माझी बहीण."

"तर मग मावशी बोलायचं ना."

"मी माझ्या बहिणीला मावशी म्हणू?"

मग इंदुमतीबाईंनी तिला उभं करून नियम घालून दिला. "नीट ऐक. माझ्या तोंडून ताई आलं, की शारदा मावशी. जाऊबाई आलं, की त्या. यात बदल नाही. म्हण."

"ताई मतलब मावशी. जाऊबाई मतलब ताईजी," पलकने म्हटलं, आणि पुन्हा चूक नको म्हणून मोबाइलमध्ये लिहूनही ठेवलं. मुलगी तशी आज्ञाधारक होती.

"तर मग वहिनीला सांगून दे, की गडबड झाली," तुकोजीराव पेपराच्या आडून म्हणाले.

"तुम्ही सांगा. तुमची वहिनी आहे."

पेपर पुन्हा वर गेला. सांगणं आता कुणाच्याच हातात राहिलं नव्हतं. द्वारकाबाईंनी आदल्या संध्याकाळीच अख्ख्या गल्लीला बातमी दिली होती. खालच्या मिठाईवाल्याने अभिनंदनाचा डबा पाठवला होता आणि शेजारच्या सोनलने तिकडची निळी बशी आणायला सांगितली होती. पासपोर्टही तयार होता. देवांशने सहा वर्षांपूर्वी "आई, बनवून ठेव, बोलावतो" म्हणून तो करायला लावला होता, आणि नंतर तो बोलवायचं विसरला. त्या पासपोर्टवर एकही शिक्का नव्हता. पलकने फोटो मागितला तेव्हा द्वारकाबाई फोनवर रडल्या होत्या.

"रडायचं काय त्यात," इंदुमतीबाई म्हणाल्या, पण जरा हळू. मग त्यांनी पलककडून सहलीत उरलेली शेवटची जागा शारदाच्या नावावर घेतली. तिघी झाल्या. खोल्या मात्र दोघी-दोघींच्याच होत्या, त्यामुळे तिसरीला कुणा परक्या बाईबरोबर राहावं लागणार होतं. द्वारकाबाईंनी आपण होऊन माघार घ्यावी, एवढंच आता करायचं राहिलं होतं आणि त्यासाठी इंदुमतीबाईंनी कंबर कसली.

द्वारकाबाई एक दिवसाआड ई-रिक्षाने यायच्या. हातात शेवेची पिशवी, तोंडात प्रश्न. इंदुमतीबाई त्यांना समोर बसवून मोरोक्कोचे हाल सांगू लागल्या.

"तिकडे राहायला जुनी घरं असतात, जाऊबाई. तीन-तीन मजले. लिफ्ट नसते."

"मल्हारगंजात माझ्या घराला कुठे लिफ्ट आहे? मी तर दिवसातून आठ वेळा चढून राहिले."

"जेवायला तेच ते कुसकुस."

"ते काय असतं?"

"गव्हाचा जाडा रवा, वाफवलेला. वर भाज्या."

"म्हणजे थुलीच ना," द्वारकाबाईंचा चेहरा खुलला. "गूळ मी घेऊन चलेन. तिकडे मिळतो की नाही मालूम नाही."

थुली म्हणजे माळव्यातला गव्हाचा दलिया. तो इंदुमतीबाईंनी अठ्ठावीस वर्षांत एकदाही दुसऱ्यांदा वाढून घेतला नव्हता. तोच खायला आपण समुद्रापार चाललोय, हे त्यांच्या त्या दिवशी प्रथम लक्षात आलं आणि त्या थोड्या चिडल्या.

"आणि उंटावर बसावं लागतं. दोन तास."

"मला काय, मी बसून जाईन. उंटाला विचारून घे," द्वारकाबाई म्हणाल्या आणि आपल्याच बोलण्यावर इतक्या हसल्या, की पेपराच्या आड तुकोजीरावही हलले.

तीन आठवडे गेले. द्वारकाबाईंनी नवे बूट घेतले. महूच्या लष्करी छावणीतल्या एका ओळखीच्या सुभेदारांकडून वाळवंटात पाणी कसं पुरवायचं तेही विचारून आल्या. इकडे शारदाचे फोन वाढले. "इंदे, मी राहणार कुणाच्या खोलीत, ते एकदा सांग," ती म्हणे. "माझ्याच," इंदुमतीबाई म्हणत. "जाऊबाईंचं बघते मी."

आणि एका रविवारी द्वारकाबाई शेवेच्या पिशवीशिवाय आल्या. इंदुमतीबाईंनी ते दारातच टिपलं. द्वारकाबाई खुर्चीच्या कडेला बसल्या.

"इंदू, मी नाही येत ग," त्या म्हणाल्या. "तुम्ही बहिणी-बहिणी जा. रूममध्ये दोघीच असतात, मला पलकने सांगितलं."

"पण जाऊबाई, तुमची तयारी..."

"पोरीने काहीतरी गडबड केली, ते मला दुसऱ्याच दिवशी समजून गेलं होतं. तू फोन ठेवलास ना, तसाच. अठ्ठावीस साल तुझं बोलणं ऐकून राहिले, एवढं पण नाही समजणार?" त्यांनी पदराने चष्मा पुसला. "विचार केला, कोणी नाही म्हणत नाही तोपर्यंत जाऊन येऊ. तेवढीच हौस. पण राहू दे. घुटने पण दुखतात."

ते गुडघे नुकतेच इंदुमतीबाईंच्या घराचे दोन जिने न थांबता चढून आले होते. इंदुमतीबाईंना लाज वाटली. खरी लाज. आणि तिच्या पाठोपाठ, तिला ढकलून पुढे येत, आनंदही झाला. लाज आणि आनंद एकदम झाले की माणसाच्या तोंडून काय निघेल याचा नेम नसतो. त्या उठल्या, पाहुण्यांसाठी ठेवलेले कप काढले, स्वतः चहा केला आणि द्वारकाबाईंच्या हातात देताना म्हणाल्या, "असं काय करता, ताई."

द्वारकाबाईंनी कप घेता घेता वर पाहिलं. तुकोजीरावांचा पेपर खाली आला. हा शब्द इंदुमतीबाईंच्या तोंडून द्वारकाबाईंसाठी कधी कुणी ऐकला नव्हता. इंदुमतीबाईंना स्वतःच्या मोठेपणाची अशी काही ऊब आली, की तो शब्द त्यांना पुन्हा वापरावासा वाटला. शिवाय द्वारकाबाईंचं मन फिरण्याआधी काम उरकायला हवं होतं.

"पलक," त्यांनी बंद दाराकडे तोंड करून आवाज दिला, "ताईंचं तिकीट कॅन्सल करून टाक ग. आत्ताच्या आत्ता."

आतून थोड्या वेळाने आवाज आला. "ताईचं? पक्का, आई?"

"पक्का. शंभरदा विचारू नकोस. काय शिकवलं होतं तुला?"

"ओके," पलक म्हणाली.

चहा संपत आला होता. द्वारकाबाई आपले नवे बूट सुनीताला, म्हणजे त्यांच्या कामवालीला, द्यायचं बोलत होत्या. तेवढ्यात इंदुमतीबाईंचा फोन वाजला. सांगलीचा.

"इंदे," शारदाचा आवाज थंड होता. "माझं तिकीट रद्द केल्याचा मेसेज आलाय."

इंदुमतीबाई पलकच्या दाराशी किती वेगाने पोचल्या ते त्यांना कळलं नाही. पलकने मोबाइल पुढे धरला. त्यात तिने लिहून ठेवलेला नियम होता: ताई मतलब मावशी.

"तूच सांगितलं होतंस, बदल नाही," ती म्हणाली. "मी विचारलं पण होतं."

"मी ताईंचं म्हटलं. ताईंचं. त्यावर अनुस्वार आहे. सख्ख्या बहिणीला ताईचं, मोठ्या जावेला मानाने ताईंचं. एवढं साधं मराठी..."

पलकने दोन्ही शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिले. "ताईचं. ताईंचं. आई, सेम तर आहे."

"मला पण सेमच ऐकू आलं," तुकोजीराव म्हणाले.

"ती जागा परत घे. लगेच."

"नाही होणार. वेटिंगवर अकरा जणी होत्या. कोल्हापूरच्या कुणा मानसीला गेली पण."

फोन अजून चालूच होता. शारदाने सगळं ऐकलं होतं. "तीस वर्षं होत आली," ती म्हणाली, "आणि जावेला ताई म्हणायला तुला आजच सुचलं?" मग तिने फोन ठेवला. इंदुमतीबाई तो कानाला तसाच धरून हॉलमध्ये आल्या.

द्वारकाबाईंनी कप बशीत ठेवला. "मग माझं तिकीट?" त्यांनी पलकला विचारलं.

"तुमचं तर कन्फर्म आहे, ताईजी. आता आईच्याच रूममध्ये."

द्वारकाबाईंनी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले, ते एकदा दाबून पाहिले आणि विचार केला. इंदुमतीबाई काहीतरी बोलतील म्हणून त्या थोड्या थांबल्यादेखील. पण इंदुमतीबाईंचं सगळं मराठी त्या क्षणी संपलं होतं.

"इतके पण नाही दुखत," द्वारकाबाई म्हणाल्या आणि उठल्या. दारात चप्पल सरकवताना त्यांनी मागे वळून पाहिलं. "आणि इंदू, तिकडे पण ताईच म्हणत जा. जाऊबाई ऐकून ऐकून माझे कान पकून गेले."